घरच्या मैदानाचा फायदा खरंच असतो का? फुटबॉलच्या आकड्यांतून शोध कसा घ्यायचा

प्रीमियर लीगच्या २०२०-२१ हंगामात ३८० सामने झाले. त्यातले १४४ यजमानांनी जिंकले, १५३ पाहुण्या संघांनी, आणि ८३ बरोबरीत सुटले. इंग्लंडमध्ये १८८८ साली लीग सुरू झाली, तेव्हापासून अव्वल श्रेणीत पाहुण्यांचे विजय यजमानांच्या पुढे गेले ते पहिल्यांदाच. कोविडमुळे त्या हंगामात स्टेडियम जवळजवळ रिकामी होती. त्यामुळे निष्कर्षही लगेच निघाला: घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे प्रेक्षकांचा फायदा.

निष्कर्ष बरोबर असू शकतो. पण तो आपल्या हाताने तपासून बघता येतो, आणि त्यासाठी सांख्यिकीची पदवी लागत नाही. एक्सेल किंवा गूगल शीट्स, शाळेतलं गणित आणि दोन-तीन संध्याकाळी एवढं पुरतं. यातली आकडेमोड सोपी आहे. अवघड आहे ते कशाची कशाशी तुलना करायची हे ठरवणं, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. म्हणून खालच्या पायऱ्यांत मी सूत्रांपेक्षा तुलनेवर जास्त वेळ घालवणार आहे.

पायरी १: प्रश्न आधी कागदावर लिहा

'घरच्या मैदानाचा फायदा' या एका नावाखाली तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. फायदा आहे का? किती आहे? कशामुळे आहे? पहिल्याचं उत्तर एका हंगामाच्या आकड्यांतून मिळू शकतं. दुसऱ्याला अनेक हंगाम लागतात. तिसऱ्याचं उत्तर निव्वळ जास्त आकडे गोळा करून मिळत नाही. त्यासाठी अशी परिस्थिती शोधावी लागते, जिथे एखादं कारण गायब आहे आणि बाकीची जागच्या जागी आहेत.

प्रश्न आकडे बघण्याआधी लिहायचा. आधी आकडे चाळले की डोळ्यांत भरलेली गोष्टच आपला प्रश्न होऊन बसते, आणि मग पुढची प्रत्येक चाचणी फसवी ठरते.

पायरी २: आकडे मिळवा, आणि ते तपासा

फुटबॉल-डेटा डॉट को डॉट यूके या संकेतस्थळावर युरोपातल्या प्रमुख लीगच्या प्रत्येक हंगामाची सीएसव्ही फाइल मोफत मिळते. एका ओळीत एक सामना असतो. तारीख, यजमान, पाहुणा, पूर्ण वेळेतले यजमानांचे गोल (कॉलमचं नाव एफटीएचजी), पाहुण्यांचे गोल (एफटीएजी) आणि निकाल (एफटीआर) एवढं आपल्याला पुरे. इंग्लंडच्या फाइलमध्ये पंचाचं नाव, फाउल आणि पिवळी-लाल कार्डंही असतात. ती पुढे लागतील.

फाइल उघडल्यावर आधी मोजदाद करा. ओळी ३८० आहेत का? प्रत्येक क्लब १९ वेळा यजमानांच्या आणि १९ वेळा पाहुण्यांच्या कॉलममध्ये येतो का? २०१८-१९ च्या गोलांची बेरीज १०७२ येते का? हे जुळलं की पुढे चला.

लीगचेच आकडे का घ्यायचे, हे समजून घेण्यासारखं आहे. लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा घरी आणि एकदा बाहेर. मँचेस्टर सिटी यजमान म्हणून जितक्यांदा येते तितक्यांदाच पाहुणी म्हणून. त्यामुळे बलाढ्य संघ यजमानांच्या बाजूला जास्त आले असं होऊच शकत नाही, आणि ताकदीतला फरक बेरजेत आपोआप कटतो. वेळापत्रकानेच आपल्यासाठी प्रयोग मांडून ठेवलेला असतो.

बाद फेरीच्या स्पर्धांत ही सोय नसते. चॅम्पियन्स लीगमध्ये अनेक वर्षं गटविजेत्या संघांना उपउपांत्यपूर्व फेरीचा दुसरा सामना घरी मिळत असे. मग दुसऱ्या लढतीचा यजमान जास्त वेळा पुढे गेला, तर तो घरच्या मैदानामुळे गेला की मुळातच सरस होता म्हणून? नुसत्या टक्केवारीतून हे कळत नाही. सुरुवात लीगपासूनच करा.

पायरी ३: माप निवडा

चार हंगाम शेजारी शेजारी ठेवू. पहिला कोविडच्या आधीचा, दुसरा रिकाम्या स्टेडियमचा, शेवटचे दोन प्रेक्षक परतल्यानंतरचे.

| हंगाम | यजमान विजय | बरोबरी | पाहुणे विजय | यजमान गोल | पाहुणे गोल |
|---|---|---|---|---|---|
| २०१८-१९ | १८१ | ७१ | १२८ | ५९६ | ४७६ |
| २०२०-२१ | १४४ | ८३ | १५३ | ५१४ | ५१० |
| २०२१-२२ | १६३ | ८८ | १२९ | ५७५ | ४९६ |
| २०२२-२३ | १८४ | ८७ | १०९ | ६२१ | ४६३ |

मधला २०१९-२० हंगाम मी मुद्दाम वगळला आहे. त्यात २८८ सामने प्रेक्षकांसह झाले आणि जून २०२० पासूनचे ९२ प्रेक्षकांविना. दोन्हींची खिचडी या टेबलात नको.

यातून तीन मापं निघतात. पहिलं, निकाली सामन्यांतला यजमानांचा वाटा: बरोबरीचे सामने बाजूला ठेवून यजमान विजयांना एकूण विजयांनी भागायचं. २०१८-१९ मध्ये १८१ भागिले ३०९, म्हणजे ५८.६ टक्के. दुसरं, गुणांतला वाटा. यजमानांना ६१४ गुण, पाहुण्यांना ४५५, म्हणून यजमानांचा वाटा ५७.४ टक्के. तिसरं, दर सामन्यातला गोलफरक: ५९६ वजा ४७६ म्हणजे १२०, भागिले ३८०, म्हणजे ०.३२ गोल.

गुणांचं माप जुन्या हंगामांना लावताना जपून. इंग्लंडमध्ये १९८१ पर्यंत विजयाला दोनच गुण मिळत, तीन गुण त्यानंतर आले. जुने हंगाम घेणार असाल तर सगळ्यांना एकच पद्धत लावून गुण नव्याने मोजा. मला स्वतःला गोलफरक जास्त आवडतो. १-० आणि ४-० यांतला फरक त्यात टिकून राहतो, आणि बरोबरीचं काय करायचं हा प्रश्नच येत नाही.

पायरी ४: हे योगायोगानेही झालं असतं का?

समजा घरच्या मैदानाचा काहीच फायदा नाही. मग निकाली सामन्यात यजमान जिंकणं ही नाणेफेक झाली. ३०९ वेळा नाणं उडवलं तर सरासरी १५४.५ वेळा छापा पडेल. या संख्येचं प्रमाण विचलन, म्हणजे ती सरासरीपासून साधारण किती इकडे-तिकडे होते त्याचं माप, ३०९ च्या वर्गमुळाचं निम्मं, ८.८. प्रत्यक्षात यजमान १८१ सामने जिंकले. सरासरीपेक्षा २६.५ ने जास्त, म्हणजे तीन प्रमाण विचलनं दूर. निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक हजार हंगामांत साधारण तीनदा दिसेल. तेव्हा २०१८-१९ मध्ये फायदा होता असं म्हणायला हरकत नाही.

आता २०२०-२१. निकाली सामने २९७, सरासरी अपेक्षा १४८.५, विचलन ८.६, प्रत्यक्षात १४४. अर्ध्या विचलनाचाच फरक. नाणेफेकीत हे रोजचं आहे. म्हणून 'पाहुण्यांना फायदा झाला' हे त्या वेळी ठिकठिकाणी लिहिलं गेलेलं वाक्य या आकड्यांवर उभं राहत नाही.

'फायदा शून्यावर आला' हे वाक्यही उभं राहत नाही, आणि इथे थांबून विचार करा. यजमानांचा वाटा ४८.५ टक्के आला. त्याचा ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल, म्हणजे या आकड्यांशी जुळू शकणाऱ्या खऱ्या वाट्यांचा पल्ला, काढायचा तर अधिक-उणे १.९६ गुणिले (०.२५ भागिले २९७) चं वर्गमूळ, म्हणजे अधिक-उणे ५.७ टक्के बिंदू. अंतराल झाला ४२.८ ते ५४.२. म्हणजे खरा वाटा ५४ टक्के असला, फायदा बारीकसा शिल्लक असला, तरी असे आकडे येऊ शकले असते. चाचणीत फरक सापडला नाही याचा अर्थ फरक नाही असा घेण्याची सवय फार पसरली आहे. त्यावर उपाय एकच: टक्केवारी कधीही अंतरालाशिवाय लिहू नका.

सूत्रांवर विश्वास बसत नसेल तर तेच काम नाण्याने करून बघा. शीटमध्ये प्रत्येक सामन्याच्या गोलफरकासमोर रँड फंक्शन लावा. आकडा ०.५ पेक्षा कमी आला तर गोलफरकाचं चिन्ह उलटं करा, नाहीतर तसंच ठेवा. यजमान-पाहुणा हे लेबल निरर्थक असेल तर चिन्ह उलटल्याने काही बिघडू नये. सगळ्याची बेरीज घ्या, लिहून ठेवा, पुन्हा करा. हाताने पन्नासेक वेळा करून बेरजा कुठवर जातात ते बघा. पायथॉन येत असेल तर दहा हजार वेळा. मग खरी बेरीज १२० त्या गर्दीत कुठे बसते ते पाहा. ज्याला सूत्रांची भीती वाटते त्याने इथून सुरुवात केली तरी चालेल. चाचणी म्हणजे काय हे या खेळातून जितकं कळतं, तितकं सूत्र पाठ करून कळत नाही.

पायरी ५: प्रेक्षकांमुळे फरक पडला का?

आता खरी तुलना. २०१८-१९ चा वाटा ५८.६, २०२०-२१ चा ४८.५. फरक १०.१ टक्के बिंदूंचा आणि त्याची प्रमाण त्रुटी (नशिबाने तो साधारण किती हलू शकतो) ४ बिंदू. फरक अडीच त्रुटींइतका, म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास.

पण २०१८-१९ हाच हंगाम का निवडायचा? २०१८-१९ आणि २०२०-२१ यांच्या दरम्यान प्रेक्षकांखेरीज आणखी एक बदल झाला: व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचे निर्णय तपासण्याची पद्धत, प्रीमियर लीगमध्ये २०१९-२० पासून आलं. पंचांचा यजमानांकडे कल असेल आणि व्हीएआरने तो कमी केला असेल, तर घसरणीचं श्रेय आपण चुकून रिकाम्या खुर्च्यांना देऊ. म्हणूनच टेबलातले शेवटचे दोन हंगाम मोलाचे आहेत. तेव्हा व्हीएआर होतं आणि प्रेक्षकही होते. वाटा निघतो ५५.८ आणि ६२.८ टक्के. प्रेक्षक परतले, व्हीएआर राहिलं, आणि फायदाही परतला. व्हीएआरवरचा संशय यामुळे बराच कमी होतो.

प्रेक्षकांचे तिन्ही हंगाम एकत्र केले तर ८९४ निकाली सामन्यांत ५२८ यजमान विजय, ५९.१ टक्के. २०२०-२१ शी फरक १०.६ बिंदू, विश्वास अंतराल साधारण ४ ते १७. हे उत्तर मला पटतं: फरक खरा आहे, मात्र तो लहान आहे की मोठा हे एका लीगवरून नेमकं सांगता येत नाही. जर्मनी, स्पेन, इटलीच्या फाइल त्याच संकेतस्थळावर आहेत. त्या जोडल्या की अंतराल आक्रसतो.

दोन बारकावे नोंदवून ठेवा. २०२०-२१ पूर्ण रिकामा नव्हता. डिसेंबरमध्ये काही मैदानांवर दोन हजारांपर्यंत आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत दहा हजारांपर्यंत प्रेक्षक होते. शिवाय तो हंगाम उशिरा सुरू होऊन घाईत उरकला गेला, आठवड्यात दोन-दोन सामने झाले. थकव्याचा परिणाम यजमान आणि पाहुण्यांवर सारखाच होतो का, हे आपल्याला या फाइलमधून वेगळं काढता येत नाही. अहवालात तसं स्पष्ट लिहा.

पायरी ६: एकेका क्लबचा फायदा मोजण्याचा मोह

चाहत्यांना यातच सगळ्यात जास्त रस असतो. अ‍ॅनफिल्डचा दरारा मोठा की ओल्ड ट्रॅफर्डचा? (पहिलं लिव्हरपूलचं मैदान, दुसरं मँचेस्टर युनायटेडचं.) पद्धत आहे, आणि ती सुंदर आहे. १९९५ साली क्लार्क आणि नॉर्मन या दोन संशोधकांनी इंग्लिश क्लबांसाठी ती वापरली.

क्लबचा घरचा गोलफरक घ्या आणि त्यातून बाहेरचा गोलफरक वजा करा. क्लब ताकदवान असेल तर तो दोन्हीकडे ताकदवान असतो, त्यामुळे वजाबाकीत ताकद उडून जाते. उरतो तो आपल्या घरी मिळालेला फायदा आणि दुसऱ्यांच्या घरी सोसावा लागलेला त्यांचा फायदा. हा दुसरा भाग काढण्यासाठी सगळ्या लीगच्या घरच्या गोलफरकाची बेरीज (क्लबांची संख्या वजा १) ने भागून वजा करा. जे उरेल त्याला (क्लबांची संख्या वजा २) ने भागा.

लिव्हरपूल, २०१८-१९: घरी ५५-१०, फरक ४५. बाहेर ३४-१२, फरक २२. वजाबाकी २३. लीगची बेरीज १२० भागिले १९ म्हणजे ६.३. उरले १६.७, भागिले १८, म्हणजे ०.९३ गोल. लीगच्या सरासरीच्या (०.३२) जवळजवळ तिप्पट!

तोच क्लब, २०२०-२१: घरी २९-२०, बाहेर ३९-२२. ९ वजा १७ वजा ०.२, भागिले १८. उत्तर उणे ०.४६. हाच तो हंगाम, ज्यात घरी सलग ६८ लीग सामने न हरलेला लिव्हरपूल अ‍ॅनफिल्डवर ओळीने सहा हरला. प्रेक्षकांच्या सिद्धान्ताला यापेक्षा ठसठशीत उदाहरण कुठलं?

आता त्रुटी काढू. गोलांची संख्या साधारण पॉयसाँ वितरणासारखी वागते, म्हणजे विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) सरासरीइतकंच. २०१८-१९ मध्ये एका सामन्यातल्या गोलफरकाचं विचरण १.५७ अधिक १.२५, म्हणजे २.८२. क्लबच्या ३८ सामन्यांवरून वरचं गणित केलं की क्लबच्या फायद्याची प्रमाण त्रुटी येते सुमारे ०.५५ गोल. विश्वास अंतराल अधिक-उणे १.१. म्हणजे लिव्हरपूलचा ०.९३ हा आकडा खरोखर उणे ०.१ पासून २ पर्यंत कुठेही असू शकतो, आणि लीगची सरासरी ०.३२ त्यात आरामात बसते. दोन हंगामांतली १.४ गोलांची घसरणसुद्धा १.८ त्रुटींइतकीच भरते. आणि हा क्लब मी निवडला तोच मुळी त्याची घसरण गाजली म्हणून. वीस क्लबांतून सगळ्यात नाट्यमय उचलायचा आणि त्याला एकट्या क्लबची चाचणी लावायची, हा अन्याय आहे. वीस चाचण्यांत पाच टक्क्यांच्या पातळीवर एखादी निव्वळ नशिबानेही 'सापडते'.

म्हणून क्लबांची क्रमवारी एका हंगामावरून लावू नका. त्याऐवजी वीसही क्लबांचे फायदे काढा आणि त्यांचं प्रमाण विचलन बघा. ते ०.५५ च्या आसपास आलं, तर दिसणारा सगळा फरक नशिबाचाच आहे असं समजायला जागा आहे. दुसरी चाचणी आणखी सोपी: या हंगामातले वीस आकडे आणि पुढच्या हंगामातले त्याच क्लबांचे आकडे यांचा सहसंबंध काढा. दरारा मैदानात मुरलेला असेल तर तो पुढच्या वर्षीही दिसायला हवा.

पायरी ७: कारण शोधायचं तर एकेक कारण गायब करा

प्रेक्षक, प्रवास, मैदानाची सवय, पंच. हे चार नेहमीचे संशयित, आणि एरवी चौघेही एकत्रच फिरतात. वेगळे करायचे तर अपवाद शोधा.

प्रीमियर लीग २०२०-२१ मध्ये प्रेक्षक गेले, पण प्रवास आणि मैदानाची सवय राहिली. मिलानमध्ये एसी मिलान आणि इंटर एकाच सान सिरो मैदानावर खेळतात, रोममध्ये रोमा आणि लाझिओ स्टाडिओ ऑलिम्पिकोवर. त्यांच्या आपसातल्या लढतींत प्रवासही नाही, मैदानही परकं नाही. उरतो तो तिकिटांमुळे कागदोपत्री यजमानांच्या बाजूला झुकलेला प्रेक्षकवर्ग. हंगामात असे सामने मोजकेच, म्हणून अनेक दशकांचे आकडे लागतील.

आणि आपल्याजवळचं उदाहरण गोव्याचं. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान या तीनच ठिकाणी, बंद दाराआड झाला. मुंबई सिटीने लीग शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले ते अंधेरीत एकही सामना न खेळता. कागदावर मात्र प्रत्येक सामन्याला यजमान संघ होताच. प्रेक्षक नाहीत, प्रवास नाही, मैदान सगळ्यांना सारखंच. अशा हंगामात यजमानांचा वाटा ५० टक्क्यांच्या आसपास यायला हवा. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात ना, तसा हा हंगाम आहे. तुमच्या पद्धतीला इथेही 'फायदा' दिसला तर दोष पद्धतीत शोधा. एफसी गोवाचे सामने वेगळे काढून बघा, कारण त्यांच्यासाठी फातोर्डा खरंच घर होतं. फक्त अपेक्षा बेताची ठेवा: लीगचे सामने ११०, त्यातले निकाली पाऊणशे धरले तरी अंतराल अधिक-उणे ११ बिंदूंचा. २०२१-२२ चा हंगामही गोव्यातच झाला. तो जोडला तर अधिक-उणे ८.

पंचांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे कारणाचा धागा सगळ्यात स्पष्ट दिसतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात ४० पात्र पंचांना एकाच सामन्यातले टॅकल दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. स्पॅनिश लीगवरच्या २००५ सालच्या अभ्यासात दिसलं की यजमान एका गोलने मागे असतील तर पंच इंज्युरी टाइम जास्त देतात, पुढे असतील तर कमी.

तुम्ही स्वतः करून बघण्यासारखं: फाइलमधल्या फाउल आणि पिवळ्या कार्डांच्या कॉलमवरून दर फाउलमागे किती कार्डं हे यजमान आणि पाहुण्यांसाठी वेगवेगळं काढा. नुसती कार्डं मोजू नका. घरी खेळणारा संघ जास्त आक्रमण करतो, बचाव करणाऱ्याच्या हातून फाउल जास्त होतात आणि कार्डंही. त्यात पंचाचा कल असायलाच हवा असं नाही. मग हेच प्रमाण २०२०-२१ साठी काढा आणि प्रेक्षकांच्या हंगामांशी ताडून पाहा.

उंचीसारखी कारणंही असतात, पण ती ठरावीक ठिकाणची. बोलिव्हियाचं ला पाझ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटरवर आहे, आणि एप्रिल २००९ मध्ये तिथे अर्जेंटिना ६-१ ने हरलं. प्रीमियर लीगला हे लागू नाही.

पायरी ८: मॉडेल, हवं असल्यास

आर किंवा पायथॉन वापरणाऱ्यांनी पॉयसाँ रिग्रेशन करावं. प्रत्येक सामन्याच्या दोन ओळी करा, एक यजमानांच्या गोलांची आणि एक पाहुण्यांच्या. स्पष्टीकरणाला तीन गोष्टी: गोल करणारा संघ, समोरचा संघ, आणि घरी आहे की नाही. 'घरी' या गुणकाचं एक्सपोनेन्शियल (ई चा त्या गुणकाइतका घात) घेतलं की यजमान किती पट गोल करतात ते कळतं. संपूर्ण लीग हंगामासाठी हे उत्तर साध्या भागाकाराच्या जवळच येतं. २०१८-१९ साठी ५९६ भागिले ४७६ म्हणजे १.२५ पट, अंतराल १.११ ते १.४१. २०२०-२१ साठी १.०१ पट, अंतराल ०.८९ ते १.१४.

मग मॉडेल कशाला? हंगाम अर्धवट असेल तेव्हा. २०१९-२० च्या शेवटच्या ९२ सामन्यांत कोण कोणाच्या घरी खेळलं यात समतोल नव्हता. तिथे संघांची ताकद मॉडेलमधूनच वजा करावी लागते. आणि ९२ सामन्यांत यजमान विजयाच्या टक्केवारीचा अंतराल अधिक-उणे १० बिंदूंचा असतो, हे उत्तर वाचताना समोर ठेवा.

लिहायला बसाल तेव्हा प्रश्न, कुठले हंगाम घेतले आणि कुठले का वगळले, माप, अंतराल, आणि वेगळी न करता आलेली कारणं, या क्रमाने लिहा. सोबत शीटही द्या, म्हणजे दुसऱ्या कुणाला तुमचा प्रत्येक आकडा पुन्हा काढून बघता येईल.